लसीची कुपी गोठून वितळली आहे का, हे देण्याआधी कसे ओळखावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लसींच्या फ्रीजमधला तापमापक सकाळी उणे 2 अंश सेल्सिअस दाखवत होता. आतल्या पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्रित), हिपॅटायटिस बी आणि टीडी (धनुर्वात व घटसर्प) लसींच्या कुप्या हातात घेतल्या तेव्हा त्या द्रवरूपच होत्या, रंगही नेहमीसारखा पांढुरका होता, फक्त काही कुप्यांच्या तळाशी साका बसलेला दिसला. टीडीच्या साठ्यात दोन वेगवेगळ्या बॅच आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी लसीकरण सत्र आहे. रात्रीत या कुप्या गोठून पुन्हा वितळल्या असतील का, हे नक्की कसे कळावे, आणि तळाचा साका हाच पुरावा मानून सगळा साठा टाकून द्यावा का?

आधी साक्याबद्दल, कारण बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. ॲल्युमिनिअमचा क्षार असलेली कोणतीही लस काही तास स्थिर राहिली की तिच्यातले कण हळूहळू तळाशी जातात आणि वर निवळ द्रव दिसू लागतो. रात्रभर न हललेल्या, पूर्णपणे निर्दोष कुपीतही सकाळी साका दिसतो. याच्या उलट, गोठून वितळलेली कुपी कोणी नुकतीच उचलून हलवली असेल तर ती काही क्षण अगदी निर्दोष कुपीइतकीच दुधाळ दिसते. त्यामुळे साका दिसला म्हणून साठा टाकणे चूक आहे आणि साका दिसला नाही म्हणून लस देणे त्याहून मोठी चूक आहे. हलवल्यानंतर साका किती वेगाने बसतो, एवढेच विचारण्यासारखे आहे. आणि वेग असा एकट्या कुपीकडे पाहून कळत नाही, त्यासाठी शेजारी दुसरी कुपी लागते, जी गोठली होती हे आपल्याला निश्चित माहीत आहे. शेक टेस्ट म्हणतात ती हीच तुलना. ज्या ठिकाणी ही चाचणी फसलेली मी पाहिली आहे, तिथे जवळजवळ प्रत्येक वेळी या दुसऱ्या कुपीच्या बाबतीतच हलगर्जीपणा झालेला होता.

हा वेग का बदलतो, हे समजून घेतले तर पुढच्या सगळ्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. या लसींत प्रतिजन, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती जागवणारा घटक, ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइड किंवा ॲल्युमिनिअम फॉस्फेटच्या अतिसूक्ष्म कणांवर चिकटवलेले असते. हे कण पाण्यात सैलसर जाळे धरून राहतात, म्हणून हलवलेली कुपी एकसारखी गढूळ होते आणि बराच वेळ तशीच राहते. पाणी गोठू लागले की बर्फाचा स्फटिक फक्त पाणी आत घेतो. क्षार आणि कण बाहेर ढकलले जातात, स्फटिकांमधल्या अरुंद फटींत दाटीने कोंबले जातात आणि एकमेकांना चिकटून त्यांचे गठ्ठे होतात. बर्फ वितळल्यावर पाणी पूर्ववत होते, गठ्ठे मात्र सुटत नाहीत, कुपी कितीही जोरात हलवली तरी. द्रवात बुडणाऱ्या कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे दुप्पट व्यासाचा कण साधारण चौपट वेगाने खाली जातो, त्यामुळे गठ्ठ्यांचा आकार थोडासा वाढला तरी साका बसण्याच्या वेळेत डोळ्यांना दिसेल इतका फरक पडतो. फेज-कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली हेच चित्र थेट दिसते: न गोठलेल्या लसीत बारीक, एकसारखी रवाळ रचना आणि गोठलेल्या लसीत मोठे, दाट पुंजके.

नुकसान केवळ दिसण्यापुरते नसते. कणांची रचना मोडली की त्यांवरच्या प्रतिजनाची परिणामकारकता घटते, आणि अशी लस टोचल्यास त्या जागी निर्जंतुक गळूसारखी स्थानिक प्रतिक्रिया होण्याची शक्यता वाढते. त्याहून त्रासाची गोष्ट ही की, मुलाच्या कार्डावर डोस दिल्याची नोंद होते आणि संरक्षण मात्र अपुरे राहते. उष्णतेने बिघडलेल्या लसीबाबत कुपीवरचा व्हीव्हीएम, म्हणजे रंग बदलणारा चौकोन, आपल्याला सावध करतो. गोठण्याबाबत तो काहीही सांगत नाही. रात्रभर बर्फात राहिलेल्या कुपीवरचा व्हीव्हीएम उत्तम स्थितीतच दिसेल, कारण तो फक्त साठत गेलेली उष्णता मोजतो.

आता तुमच्या उणे 2 अंशांविषयी. तापमापक शून्याखाली गेला म्हणजे कुपी गोठलीच, असे नाही. स्फटिक बनायला सुरुवात व्हावी लागते, आणि तोपर्यंत द्रव शून्याखाली जाऊनही द्रवच राहू शकतो. हिपॅटायटिस बी लस साधारण उणे 0.5 अंशाला गोठते आणि डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) गटातल्या लसी उणे 5 ते उणे 10 अंशांच्या दरम्यान गोठतात, असे आकडे जागतिक आरोग्य संघटनेच्या साहित्यात दिलेले असतात. पण त्यांच्या भरवशावर टीडी आणि पेंटाव्हॅलंट वाचल्या असे धरून चालू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. अतिशीत झालेल्या कुपीला धक्का लागला, किंवा तिची एक बाजू फ्रीजच्या थंड भिंतीला टेकलेली असली, तरी गोठणे सुरू होऊ शकते. शिवाय तापमापक जिथे टांगलेला आहे तिथले तापमान आणि मागच्या कोपऱ्यातल्या कुपीचे तापमान एकच असेल, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. तेव्हा तिन्ही लसींची चाचणी करावी लागेल.

प्रत्यक्ष चाचणीकडे वळण्यापूर्वी दोन गोष्टी आजच करून ठेवाव्यात. सगळ्या संशयित कुप्या एका वेगळ्या खोक्यात, 2 ते 8 अंश तापमानातच, पण ‘चाचणी होईपर्यंत वापरू नये’ अशी ठळक चिठ्ठी लावून ठेवाव्यात. आणि उद्याच्या सत्रासाठी दुसरीकडून साठा मागवावा. कंट्रोल कुपी, म्हणजे तुलनेसाठी मुद्दाम गोठवलेली ती दुसरी कुपी, गोठवायला एक रात्र जाते आणि ती वितळायला दुसऱ्या दिवसाचा काही वेळ लागतो, त्यामुळे सकाळच्या सत्रापूर्वी निकाल हाती येणार नाही. घाईत ही वेळ कमी करण्याचा जो तो प्रयत्न करतो, आणि तिथेच चाचणी निरर्थक होते.

कंट्रोल कुपी त्याच लसीची, त्याच उत्पादकाची आणि त्याच बॅच क्रमांकाची हवी. तुमच्याकडे तीन लसी आहेत आणि टीडीच्या दोन बॅच आहेत. पेंटाव्हॅलंट आणि हिपॅटायटिस बी एकेकाच बॅचच्या असतील तर एकूण चार कंट्रोल कुप्या लागतील, एक जरी कमी पडली तरी त्या बॅचचा निकाल लागणार नाही. या कुप्या संशयित साठ्यातूनच घेतल्या तरी चालतात, कारण त्या आपण मुद्दाम गोठवणारच आहोत. गोठवण्याआधी प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून ‘गोठवलेली, वापरू नये’ असे आणि तारीख लिहावी. नंतर लिहू, असे म्हणू नये. वितळल्यानंतर ती इतरांसारखीच दिसते आणि एकदा ट्रेमध्ये मिसळली की तिला शोधून काढणे कठीण होते. मग ती डीप फ्रीजरमध्ये उणे 20 अंशांच्या आसपास किमान 10 तास, सोयीने म्हणजे रात्रभर, ठेवावी. सकाळी बाहेर काढून तिरपी करून पाहावी: आत काहीही हलता कामा नये, ती दगडासारखी घट्ट गोठलेली हवी. मग ती खोलीच्या तापमानाला आपोआप वितळू द्यावी. गरम पाण्यात बुडवणे, तळहातांत चोळणे, उन्हात ठेवणे हे काहीही करू नये.

ती पूर्ण वितळली की त्या बॅचची एक संशयित कुपी घ्यावी. ही निवड डोळे मिटून करू नये. जी कुपी थंड भिंतीला, बाष्पीभवकाच्या पत्र्याला किंवा आइसपॅकला सर्वांत जवळ होती तिच्यापासून सुरुवात करावी, कारण गोठणे सगळ्या साठ्यात सारखे होत नाही. रांगेतली मागची कुपी गोठते आणि पुढची वाचते, असे नेहमी घडते. म्हणून मी एका कुपीवर कधीच थांबत नाही. निरनिराळ्या जागांवरच्या कुप्या त्याच कंट्रोल कुपीशी ताडून पाहते.

दोन्ही कुप्या एकाच हातात, एकत्र धरून 10 ते 15 सेकंद जोराने हलवाव्यात. एकत्र धरण्याचे कारण साधे आहे: दोघींना मिळणारा झटका सारखा असावा. मग दोन्ही सपाट टेबलावर शेजारी शेजारी ठेवाव्यात आणि पुन्हा त्यांना हात लावू नये. मागे उजेड असावा आणि पाहणाऱ्याचे डोळे कुपीच्या पातळीवर असावेत. सुरुवातीला दोन्ही सारख्याच दुधाळ दिसतात आणि नवख्या माणसाला वाटते की काहीच होत नाही. काही मिनिटांनी कंट्रोल कुपीत रबरी बुचाच्या बाजूला, द्रवाच्या अगदी वरच्या कडेला, पाण्यासारखी निवळ पट्टी दिसू लागते. ती पट्टी खाली सरकत जाते, तिच्याखालचा गढूळपणा दाट होत जातो आणि तळाशी पांढरा थर जमतो. 30 मिनिटांपर्यंत कंट्रोल कुपीचा वरचा बराच भाग निवळलेला असतो. संशयित कुपी जर कधीच गोठली नसेल तर तेवढ्या वेळात तिच्यात धुके तसेच भरलेले असते, फार तर वरच्या कडेला किंचित फिकेपणा येतो. दोघी शेजारी असल्या की हा फरक सांगायला कोणाची गरज पडत नाही.

संशयित कुपीत साका कंट्रोलपेक्षा हळू बसला, तर ती कुपी गोठलेली नव्हती आणि वापरता येते. तो कंट्रोलइतक्याच वेगाने किंवा त्याहून वेगाने बसला, तर ती वापरू नये. मधला निकाल नसतो. दोन माणसांनी स्वतंत्रपणे पाहून दोन मते आली, तर मी ती कुपी गोठलेलीच मानते. लेबल रुंद असेल आणि कुपीचा तळ झाकला जात असेल, तर दोन्ही कुप्या उलट्या ठेवून मानेत जमणारा साका पाहावा. मात्र एक सरळ आणि एक उलटी, असे कधीही करू नये.

कंट्रोलच्या बाबतीत दोन चुका वारंवार होतात, आणि त्यांचे परिणाम एकमेकांच्या उलट असतात. पहिली चूक म्हणजे कंट्रोल कुपी पूर्ण न गोठणे. एका साठवण केंद्रातल्या प्रशिक्षणात दोन्ही कुप्या अर्धा तास दुधाळच राहिल्या आणि सगळे माझ्याकडे पाहू लागले. नियमाप्रमाणे ‘सारखा वेग’ म्हणून चांगला साठा बाद झाला असता. चौकशी केल्यावर कळले की डीप फ्रीजर गच्च भरलेला होता आणि कुपी आदल्या संध्याकाळी उशिरा, दोन खोक्यांच्या मधे ठेवली होती. ती कधी घट्ट गोठलीच नव्हती. दुसरी चूक माझी स्वतःची आहे. सुरुवातीच्या काळात बॅचची कुपी वाचवण्यासाठी मी दुसऱ्या बॅचची, आधीपासून गोठवून ठेवलेली कंट्रोल कुपी वापरली. तिच्यातला साका झपाट्याने बसला, तिच्यापुढे संशयित कुपी सावकाश वाटली आणि मी ती चांगली ठरवली. वरिष्ठांनी योग्य बॅचच्या कंट्रोलने पुन्हा चाचणी करायला लावली, तेव्हा दोघींचा वेग सारखा निघाला. पहिल्या चुकीत लस वाया जाते, दुसरीत खराब लस मुलाला टोचली जाते. एक कुपी वाचवण्याचा मोह त्यानंतर मला झालेला नाही.

ही चाचणी इतकी साधी दिसते की अनेकांना ती अंदाजपंचे वाटते. 2010 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये उमित कार्तोग्लू आणि सहकाऱ्यांनी तिची पडताळणी प्रसिद्ध केली. 10 उत्पादकांच्या 8 प्रकारच्या लसींच्या 475 कुप्या त्यांनी तपासल्या आणि निकाल फेज-कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाशी ताडून पाहिले. गोठलेली एकही कुपी चाचणीतून निसटली नाही आणि न गोठलेली एकही कुपी चुकून बाद झाली नाही. अर्थात तिथे पाहणारे लोक प्रशिक्षित होते आणि पद्धत अक्षरशः पाळलेली होती. सवडीप्रमाणे बदललेल्या पद्धतीला त्या आकड्यांचा आधार घेता येणार नाही.

चाचणीच्या मर्यादाही तितक्याच काटेकोरपणे पाळाव्या लागतात. ती फक्त ॲल्युमिनिअमवर शोषलेल्या लसींसाठी आहे: डीपीटी, टीटी (धनुर्वात), टीडी, हिपॅटायटिस बी, पेंटाव्हॅलंट आणि त्या प्रकारच्या इतर लसी. इंजेक्शनने दिली जाणारी पोलिओ लस, म्हणजे आयपीव्ही, गोठण्याने खराब होते, पण ती स्वच्छ पारदर्शक असते. तिच्यात बसायला साकाच नसल्यामुळे शेक टेस्ट तिच्याबद्दल काहीही सांगू शकत नाही. असे असूनही आयपीव्हीची कुपी हलवून ‘गढूळ नाही, म्हणजे चांगली’ असा निष्कर्ष काढलेला मी पाहिला आहे. अशा लसीबाबत तापमानाची नोंद हाच एकमेव आधार आहे, आणि ती नोंद गोठण्याकडे बोट दाखवत असेल तर लस बाजूला काढून वरिष्ठ साठवण केंद्राला विचारणेच योग्य. उलट तोंडी पोलिओचे थेंब गोठवूनच साठवले जातात, आणि गोवर किंवा बीसीजीसारख्या भुकटीच्या लसींना गोठण्याने इजा होत नाही. मात्र त्यांच्याबरोबरचे विद्रावक, म्हणजे भुकटी विरघळवण्याचा द्रव, गोठवू नये, कारण काचेच्या कुपीला तडा जाऊ शकतो. भुकटी आणि द्रव अशा दोन भागांत येणाऱ्या संयुक्त लसीत द्रव भागात ॲल्युमिनिअम असेल तर चाचणी त्या द्रव भागाची करायची. आणि जी कुपी हातात घेतानाच घट्ट गोठलेली आढळते तिची चाचणी करण्यात वेळ घालवू नये. ती थेट बाद.

एखाद्या बॅचची एकच कुपी शिल्लक असेल तर? ती कंट्रोल म्हणून गोठवली तर तपासायला काही उरत नाही आणि न गोठवता तपासता येत नाही. तिथे संशय असेल तर ती टाकावी, दुसरा मार्ग नाही.

शेक टेस्ट हा रोजचा सोपस्कार नव्हे, हेही सांगायला हवे. ती संशयाचे निरसन करण्यासाठी आहे, आणि संशय येण्यासाठी आधी नोंद असावी लागते. दिवसातून दोनदा वाचलेला तापमापक रात्री दोन वाजता काय झाले ते सांगत नाही. फ्रीझ-टॅगसारखे उपकरण शून्याखाली तासभर गेल्यास बरोबरच्या खुणेऐवजी फुली दाखवते, आणि 30 दिवसांची नोंद ठेवणारे फ्रिज-टॅग उणे 0.5 अंश किंवा त्याखाली 60 मिनिटे राहिल्यास इशारा देते. अशी फुली किंवा इशारा दिसला की चाचणी करावी. हा धोका किती सर्वसाधारण आहे हे 2007 सालच्या एका आढाव्यात स्पष्ट झाले आहे: निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांत 14 ते 35 टक्के फ्रीज किंवा वाहतुकींमध्ये लस गोठण्याच्या तापमानाला सामोरी गेली होती, आणि वितरणाचे सगळे टप्पे तपासणाऱ्या अभ्यासांत हे प्रमाण 75 ते 100 टक्के होते. आपण उष्णतेला जितके घाबरतो तितके थंडीला घाबरत नाही, याचेच हे फळ आहे.

तुमच्या फ्रीजमध्ये हे का घडले ते शोधल्याशिवाय नवा साठा आत ठेवू नका. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे वीज गेल्यावर किंवा मोठा साठा आत ठेवल्यावर तापमान चढलेले पाहून कोणीतरी थर्मोस्टॅट ‘अधिक थंड’कडे फिरवतो, फ्रीज पूर्ववत होतो, खटका तसाच राहतो आणि पहाटे खोली गार झाली की आतले तापमान शून्याखाली जाते. थर्मोस्टॅटवर कागदाची पट्टी चिकटवून ठेवणे हा मला सर्वांत स्वस्त उपाय वाटतो. समोर दार असलेल्या फ्रीजमध्ये या लसी बर्फाच्या कप्प्याखाली किंवा मागच्या भिंतीला टेकून ठेवू नयेत; वरून उघडणाऱ्या आयएलआरमध्ये (आइस-लाइन्ड रेफ्रिजरेटर, म्हणजे बर्फाचे अस्तर असलेला फ्रीज) तळ सर्वांत थंड असतो, म्हणून त्या वरच्या टोपलीतच हव्यात. वाहतुकीत आइसपॅक डीप फ्रीजरमधून काढून थेट कॅरियरमध्ये, म्हणजे लसी नेण्याच्या डब्यात, ठेवणे हे दुसरे मोठे कारण. पॅक कानाजवळ हलवल्यावर आत पाणी डचमळल्याचा आवाज येईपर्यंत तो बाहेर राहू द्यावा, किंवा केवळ थंड पाण्याचे पॅक वापरावेत.

तुमच्या चाचणीत एखादी बॅच बाद झाली तर त्या फ्रीजमधून गेल्या काही दिवसांत त्याच बॅचच्या किती कुप्या सत्रांना गेल्या हे नोंदवहीतून काढा आणि ती यादी निकालाबरोबरच वर कळवा. ज्या मुलांना त्या कुप्यांतून डोस दिले गेले, त्यांना पुन्हा डोस द्यायचा की नाही याचा निर्णय कार्यक्रम अधिकाऱ्यांना तारखांशिवाय घेता येत नाही. आणि चारही कंट्रोल कुप्या, चाचणी संपताच, त्याच टेबलावरून थेट बाद साठ्याच्या खोक्यात टाका. फ्रीजचे दार त्यांच्यासाठी पुन्हा उघडायचे नाही.